वाटलेल्या विद्येचे नाव



नागपूरच्या कोणत्याही किराणा दुकानात जा आणि नुसते म्हणा, "एचएमटी द्या." दुकानदार घड्याळ दाखवणार नाही, तांदळाच्या पोत्यात माप घालेल. बारीक दाणा, शिजायला मऊ, सणासुदीला चालतो, लग्नाच्या पंगतीत चालतो. आपल्यापैकी कितीजणींनी तो रांधला असेल, मोजता येणार नाही. पण हा धान पहिल्यांदा कोणाच्या हाताला लागला, कोणी निवडला, हे आम्ही आमच्या गटांत विचारले तेव्हा चाळीस बायकांपैकी तिघींनीच हात वर केला. त्या तिघी भिवापूरकडच्या, धानाच्या पट्ट्यातल्या.

आजचे बोलणे त्या नावाबद्दल आहे. कष्टाने शोधलेली गोष्ट मोकळेपणाने वाटून टाकणाऱ्यांचा मान कोण करते, कसा करते, आणि त्या मानाने त्यांच्या पदरात काय पडते, याचा थोडा इतिहास आज सांगायचा आहे.

हा विषय आम्हाला का सुचला, ते आधी सांगतो. आमच्या एका गटात एक काकू आहेत. मोहफुलांचे लाडू करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. मोहफुलाचा उग्र वास कसा घालवायचा, आतले केसर कसे काढायचे, किती भाजायचे, हे त्यांनी आजूबाजूच्या तीन गावांतल्या बायकांना घरी बसवून शिकवले. एक पैसा घेतला नाही. पुढे एका प्रदर्शनात त्याच लाडवांना पहिले बक्षीस मिळाले, पण ते दुसऱ्या गटाला. मंचावर बोलणाऱ्या बाईने सांगितले, ही आमच्या गटाची स्वतःची कल्पना. काकू टाळ्या वाजवत खाली बसल्या होत्या. घरी येताना गाडीत एवढेच म्हणाल्या, "आता कोणाला काही शिकवाचं नाही."

त्या एका वाक्याने आम्ही सहयोगिनी हबकलो. बचत गट उभा राहतो तो एकीने दुसरीला शिकवण्यावर. शिकवणारीने तोंड मिटले तर गटात फक्त हप्ते उरतील. आणि काकूंचे चूक होते असेही म्हणता येईना. म्हणून आम्ही शोधायला लागलो की ज्यांनी विद्या वाटली, त्यांचे जगात पुढे काय झाले. शोधताना एक वर्ष दोनदा समोर आले. ते वर्ष म्हणजे १९८३.

पहिली गोष्ट दूरची आहे, अमेरिकेतली. तिथे एमआयटी नावाची मोठी तंत्रशिक्षण संस्था आहे. तिच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे संगणकतज्ज्ञ काम करत. संगणकाला काय करायचे ते सांगणाऱ्या सूचनांच्या संचाला सॉफ्टवेअर म्हणतात, आणि त्या सूचना माणसाला वाचता येतील अशा मूळ रूपात लिहिलेल्या असल्या की त्याला सोर्स कोड म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर सॉफ्टवेअर म्हणजे तयार मसाल्याची पुडी, आणि सोर्स कोड म्हणजे त्या मसाल्यात काय काय, किती किती, कसे भाजून घातले त्याची वही. स्टॉलमन यांच्या प्रयोगशाळेत एक नवा प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या वेळी त्यांनी सूचनांत थोडा बदल करून सोय केली होती की कागद अडकला की वाट बघणाऱ्याला संगणकावर निरोप जाईल. नव्या प्रिंटरलाही तेच करायचे होते. पण त्याची वही कंपनीने दिली नव्हती. दुसऱ्या एका ठिकाणच्या माणसाकडे ती होती. त्याने सांगितले, मी कंपनीला शब्द दिला आहे, कोणाला दाखवणार नाही.

शेजारणीने विरजण मागितले आणि आपण नाही म्हटले, असे हे झाले. विरजण दिल्याने आपले दही कमी होत नाही. स्टॉलमन यांना हेच खटकले. १९८३ च्या सप्टेंबरात त्यांनी जाहीर केले की आपण संगणक चालवण्याची सगळी व्यवस्था नव्याने लिहू आणि तिची वही सर्वांसाठी उघडी ठेवू. १९८५ मध्ये त्यांनी या कामासाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था काढली. १९८९ मध्ये एक परवाना तयार केला. त्याचा मथितार्थ असा: हे घ्या, वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, विकलेत तरी चालेल, पण पुढे देताना घेणाऱ्यालाही हीच मोकळीक द्या, आणि आधी ज्याने लिहिले त्याचे नाव पुसू नका.

मैत्रिणींनो, यातले शेवटचे कलम लक्षात ठेवा. मोकळे म्हणजे बेवारस नव्हे. वाटणाऱ्याने मालकीचा हट्ट सोडला होता, नाव सोडले नव्हते.

पुढे १९९१ मध्ये फिनलंड देशातल्या हेलसिंकी शहरात लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स नावाचा संगणकाचा गाभा लिहिला आणि तोही खुला केला. जगभरच्या हजारो माणसांनी त्यात भर घातली. आज तुमच्या-आमच्या हातात अँड्रॉइडचा जो मोबाइल आहे, त्याच्या पोटात हाच लिनक्स चालतो. हे भाषण आपल्या रेडिओ केंद्रावर ज्या ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरवर कापून-जोडून तयार होते, तेही असेच खुले आहे, २००० सालापासून. त्यासाठी केंद्राला एक रुपया द्यावा लागत नाही. मराठी विकिपीडिया हा ज्ञानकोशही २००३ पासून अशाच वाटलेल्या श्रमावर चालला आहे. म्हणजे आपण रोज कोणाचे तरी विरजण वापरतो, फक्त कोणाच्या घरचे ते ठाऊक नसते.

या कामाला आज आपण ओपन सोर्स म्हणतो. हे नाव कोणी ठेवले? एका बाईने. क्रिस्टीन पीटरसन त्यांचे नाव. १९९८ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात एक छोटी बैठक झाली. आधीच्या इंग्रजी नावाचा अर्थ लोक फुकट असा घेत, म्हणून नवे नाव हवे होते. पीटरसन बाईंना ओपन सोर्स हे नाव सुचले होते, पण बैठकीत त्यांनी ते पुढे रेटले नाही. आपल्या बोलण्याला तिथे किती वजन मिळेल याची त्यांना खात्री नव्हती. त्यांच्या एका सहकाऱ्याने बोलता बोलता तो शब्द सहज वापरला, मग दुसऱ्याने उचलला, आणि बैठक संपेपर्यंत तो सगळ्यांच्या तोंडी बसला. हे नाव आपल्याला कसे सुचले, याची सविस्तर हकिकत त्यांनी वीस वर्षांनी, २०१८ मध्ये लिहून प्रसिद्ध केली.

ही गोष्ट आम्ही गटात सांगितली तेव्हा बायका हसल्या. ग्रामसभेत आपण हळूच शेजारच्याला सांगतो, तो उभा राहून बोलतो, आणि इतिवृत्तात त्याचे नाव लागते. अमेरिकेतही असेच होते म्हणायचे.

खुली विद्या वाटणाऱ्यांना पगार देणारा मालक बहुतेक वेळा नसतो. मग त्यांची दखल घ्यायची कशी? त्यासाठी पुरस्कार सुरू झाले. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने १९९८ पासून दरवर्षी असे काम करणाऱ्याला मान द्यायला सुरुवात केली. पहिला मान लॅरी वॉल यांना, पर्ल नावाची संगणकाची भाषा तयार केल्याबद्दल मिळाला. २००५ पासून समाजाच्या उपयोगी पडणाऱ्या प्रकल्पांसाठी वेगळा पुरस्कार निघाला, आणि त्याचा पहिला मान विकिपीडियाला गेला. लिनक्सच्या टॉरवाल्ड्स यांना २०१२ मध्ये फिनलंडचा मोठा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार विभागून मिळाला; बारा लाख युरोंपैकी निम्मी रक्कम त्यांची.

या यादीतले एक नाव आम्हाला फार जवळचे वाटले, कॅरन सँडलर यांचे. त्या वकील आहेत. त्यांना हृदयाचा आजार असल्यामुळे छातीत एक यंत्र बसवले आहे. हृदयाचे ठोके बिघडले की ते झटका देऊन जीव वाचवते. बसवण्याआधी त्यांनी विचारले, या यंत्रातल्या सूचना मला बघायला मिळतील का? कोणी दाखवल्या नाहीत. पुढे त्या गरोदर असताना धडधड वाढली. गरोदरपणात तसे होणे स्वाभाविक असते, पण यंत्राचा गैरसमज झाला आणि गरज नसताना त्याने झटके दिले. आपल्या शरीरात काय चालले आहे हे आपल्यालाच बघता येऊ नये, याविरुद्ध त्या बोलत राहिल्या, खुल्या सॉफ्टवेअरसाठी काम करत राहिल्या. २०१७ चा फाउंडेशनचा पुरस्कार त्यांना मिळाला. यंत्र बनवणाऱ्यांना गरोदर बाईची धडधड आठवली नव्हती. वही उघडी असती, तर कोणातरी बाईच्या नजरेला ते आले असते.

आता आपल्या मातीत येऊ. १९८३ साल पुन्हा एकदा समोर येते ते इथे.

नागपूरहून उमरेड, भिवापूर ओलांडून पुढे गेले की शंभरएक किलोमीटरवर नागभीड लागते. चंद्रपूर जिल्ह्यातला हा तालुका, सगळा धानाचा मुलूख. इथल्या नांदेड गावात दादाजी रामाजी खोब्रागडे राहत. मराठवाड्यातले नांदेड वेगळे, हे छोटे गाव वेगळे. शिक्षण तिसरीपर्यंत, शेती दीड एकर. १९८३ मध्ये आपल्या बांधीत पटेल-३ या तेव्हाच्या चालू वाणाचा धान उभा असताना त्यांना तीन लोंबी वेगळ्या दिसल्या. दाणा पिवळसर झाक असलेला आणि बारीक. दुसरा कोणी असता तर सगळ्यांबरोबर कापून चुरला असता. दादाजींनी त्या तीन लोंबी वेगळ्या काढून ठेवल्या.

पुढच्या वर्षी ते दाणे वेगळे पेरले. पीक आले, त्यातले चांगले निवडले, पुन्हा वेगळे पेरले. धानाच्या फुलातला पराग बहुतांशी त्याच फुलावर पडतो, म्हणून नीट निवड करत गेले की काही हंगामांत वाण स्थिर होतो. हे शास्त्र त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते; पाहून, हाताळून, रांधून, खाऊन त्यांनी ते ओळखले. घरच्या ढोलीत बियाणे राखणारी प्रत्येक बाई हे थोडेफार जाणते. रोवणीच्या वेळी कोणते परे जोमदार, चुरताना कोणता दाणा भरलेला, हे आपल्या हातांना कळते. दादाजींनी तेच वर्षानुवर्षे, चिकाटीने, एकाच वाणावर केले.

हा धान पटेल-३ पेक्षा बारीक होता, शिजल्यावर वासाला चांगला होता आणि उत्पन्नही चांगले देत होता. १९९० च्या सुमारास भागातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने तो काही एकरांवर लावला आणि मग बाजारात पोती आली. व्यापाऱ्याने विचारले, वाणाचे नाव काय? नाव तर काही ठेवलेच नव्हते. त्या काळी एचएमटीचे घड्याळ हातात असणे म्हणजे मोठा मान. सोन्यासारख्या धानाला मनगटावरचे नाव मिळाले, एचएमटी. बघा, दादाजींचा माल होता, दादाजींची निवड होती, आणि नाव लागले घड्याळाच्या कारखान्याचे.

बियाणे मागायला येणाऱ्याला दादाजी देत. एका गावाचे दुसऱ्या गावात गेले, पाहुण्यांकडून, बाजारातून, लेकीच्या सासरहून. महाराष्ट्रातून मध्य प्रदेश, छत्तीसगड, आंध्रात पोहोचले. सॉफ्टवेअरची नक्कल करायला संगणक लागतो. बियाणे आपली नक्कल आपणच करते. म्हणूनच ते वाटायला सोपे आणि त्यावरचे नाव टिकवायला अवघड.

१९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही इथल्या धान संशोधन केंद्राने दादाजींकडून बियाणे नेले. १९९८ मध्ये विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी नावाने वाण प्रसारित केला. आपले श्रेय आपल्याला मिळाले नाही, हे दुःख दादाजी शेवटपर्यंत बोलून दाखवत. विद्यापीठाची बाजू अशी होती की शेतकऱ्याकडचे बियाणे भेसळीचे होते, ते शुद्ध करण्याचे काम आम्ही केले. शुद्ध करणे हेही कष्टाचे आणि शास्त्राचे काम आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण स्टॉलमन यांच्या परवान्यातले ते कलम आठवा. बदल करणाऱ्याने आपले नाव जरूर जोडावे, आधीचे पुसू नये. एका ओळीत दोन नावे मावली असती.

दादाजी रुसून थांबले नाहीत, ही त्यांची थोरवी. त्यांनी एकूण नऊ वाण निवडून तयार केले. नांदेड-९२, नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपकरत्न, डीआरके. या नावांकडे लक्ष द्या. एचएमटीच्या वेळी निसटलेले नाव त्यांनी पुढे निसटू दिले नाही. कुठे गावाचे नाव आहे, आणि डीआरके म्हणजे तर दादाजी रामाजी खोब्रागडे हेच.

मान मिळाला तो असा. अहमदाबादला राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान नावाची संस्था २००० मध्ये सुरू झाली. तिच्या मुळाशी प्राध्यापक अनिल गुप्ता यांची मधमाशीच्या नावाची चळवळ आहे. मधमाशी फुलातला रस घेते, पण फूल गरीब होत नाही. उलट एका फुलाचा दुसऱ्याशी संबंध जुळतो. गावातल्या माणसाचे ज्ञान घ्यायचे तर तसे घ्यावे, त्याचे नाव-गाव लिहून घ्यावे आणि जे शिकलो ते त्याला परत सांगावे, असा त्यांचा नियम. या प्रतिष्ठानने दादाजींचे काम शोधले, नोंदवले आणि २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना पुरस्कार मिळाला. राज्य शासनाने कृषिभूषण म्हणून गौरवले. २०१० मध्ये फोर्ब्स या नामांकित नियतकालिकाने देशातल्या सात ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव छापले. दीड एकराच्या माणसाचे नाव जगभर वाचले गेले.

आणि घरात? तंगी होती तशीच राहिली. शासनाकडून मिळालेल्या पदकातले सोने अस्सल नसल्याची बातमी वर्तमानपत्रांत गाजली. शेवटच्या वर्षांत त्यांना अर्धांगवायूने गाठले, उपचाराच्या खर्चासाठी कुटुंबाला धडपडावे लागले. गडचिरोलीजवळ शोधग्रामच्या दवाखान्यात त्यांच्यावर उपचार झाले. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

हे ऐकून गटातली एक मुलगी म्हणाली, "मग ताई, पुरस्काराचा उपयोग काय?" प्रश्न खरा आहे. शाल, श्रीफळ आणि फोटो यांनी औषधाची चिठ्ठी फेडता येत नाही. पुरस्कार हा मोबदल्याच्या जागी दिला, तर ती फसवणूक होते. ज्याच्या बियाण्यावर हजारो घरांची चूल पेटते, त्याला म्हातारपणी निर्वाहाची हमी मिळायला हवी होती. ते काम पुरस्काराचे नव्हते आणि दुसऱ्या कोणीही केले नाही. पण दुसरी बाजूही आम्ही त्या मुलीला सांगितली. २००५ ची ती नोंद झाली नसती, तर आज आम्ही तुम्हाला दादाजींचे नाव सांगू शकलो नसतो. एचएमटी हे घड्याळाचेच नाव राहिले असते. पुरस्कार म्हणजे सर्वांसमोर लिहिलेली नोंद आहे. ती पोट भरत नाही, पण नाव पुसणाऱ्याचा हात धरते.

या गोष्टीचा पुढचा धडा एका बाईने गिरवला आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे आपल्याला बीजमाता म्हणून माहीत आहेत. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. घरातली माणसे, नातवंडे आजारी पडू लागली तेव्हा त्यांना वाटले की आपण खातो त्या अन्नात, त्याच्या बियाण्यात काहीतरी चुकते आहे. त्यांनी गावठी वाल, घेवडे, भाज्या, भात यांचे बियाणे गोळा केले, बायएफ संस्थेच्या मदतीने बियाणे बँक उभी केली, बचत गटांच्या बायकांना शिकवले. त्यांची रीत साधी आहे: बियाणे न्या, पेरा, आणि पीक आले की नेले त्याच्या दुप्पट परत आणा. म्हणजे वाटलेले कमी होत नाही, वाढते. २०१८ मध्ये बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. २०१८ चा नारी शक्ती पुरस्कार त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला, आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बियाणे साठवणे हे आपल्याकडे घरकामात धरले जाते. राख चोळणे, कडुनिंबाचा पाला घालणे, मडक्याचे तोंड लिंपणे, याला कोणी संशोधन म्हणत नव्हते. राहीबाईंच्या पद्मश्रीने ते म्हणायला लावले.

संगणकवाल्यांची आणि बियाणेवाल्यांची गाठ शेवटी पडलीही. अमेरिकेत २०१२ मध्ये काही शेतकरी आणि शास्त्रज्ञांनी मिळून ओपन सोर्स बियाण्यांची चळवळ काढली. बियाण्याच्या पुडीवरच वचन छापलेले असते: हे पेरा, राखा, वाटा, पण पुढे कोणाला अडवू नका. स्टॉलमन यांचा परवाना असा बियाण्याच्या पुडीवर उतरला. राहीबाईंच्या गावात पुडीवर काही छापलेले नसते, शब्दावर चालते.

आपल्या देशात यासाठी कायदा आहे आणि तो आपल्या उपयोगाचा आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखायचा, पेरायचा, बदलून घ्यायचा, वाटायचा आणि विकायचा हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे छापील नाममुद्रेच्या पुडीत विकता येत नाही. शेतकऱ्याने स्वतः निवडलेला वाण त्याच्या नावावर नोंदवता येतो आणि त्या नोंदणीसाठी शेतकऱ्याला शुल्क पडत नाही. या कायद्याखालचे प्राधिकरण गावठी वाण जपणाऱ्यांना दरवर्षी पुरस्कार देते. एकट्या शेतकऱ्याला मिळतो, आणि जपणाऱ्या समुदायालाही मिळतो. समुदायाच्या पुरस्कारात रोख रक्कमही असते. आपल्या गावात लाखोळी, जवस, गावठी वांगे, जुना धान कोणी जपला असेल, तर कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा, अर्ज मागा. आपल्या शेजारच्या भिवापूरच्या मिरचीला आणि वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही कोणीतरी बसून कागद भरले म्हणूनच.

आता पुन्हा मोहफुलांच्या लाडवांकडे. हा सगळा इतिहास आम्ही गटाच्या बैठकीत सांगितला. बायकांनी बराच वेळ चर्चा केली आणि तीन ठराव झाले. पहिला, गटात कोणीही नवी गोष्ट शिकवली तर तिचे नाव, तारीख आणि काय शिकवले ते ठरावाच्या वहीत लिहायचे आणि शिकणाऱ्यांनी खाली सह्या करायच्या. दुसरा, शिकलेली गोष्ट दुसऱ्या गावात जरूर शिकवायची, पण "हे अमुकबाईंनी शिकवले" हे वाक्य आधी म्हणायचे. तिने आपल्या परीने सुधारणा केली तर ती पुढे जोडायची. तिसरा, स्पर्धेचा किंवा प्रदर्शनाचा अर्ज भरताना गटाच्या नावाखाली मूळ कल्पना कोणाची, हे लिहायचे. अर्जात रकाना नसेल तर आपण हाताने ओढायचा.

मग काकूंना विचारले, पहिली नोंद तुमची करू? काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माह्यं नाव लिहा बाप्पा, पण आधी माह्या सासूचं लिहा. केसर काढाचं तिनं शिकवलं. मी फक्त भाजाचं पाह्यलं."

लिहिणारीने पेन उचलले आणि विचारले, सासूबाईंचे नाव काय? काकूंना ते चटकन सांगता येईना. घरात त्यांना बुढी म्हणत, गावात अमक्याची माय. त्यांचे स्वतःचे नाव कोणी घेतच नसे. शेवटी काकूंनी नणंदेला फोन लावला. तिने सांगितले, बैठकीतल्या सगळ्यांनी ऐकले, आणि वहीत पहिल्या ओळीवर ते नाव लिहिले गेले. दुसऱ्या ओळीवर काकूंचे.

पुढच्या आठवड्यात काकू शेजारच्या गावात लाडू शिकवायला जाणार आहेत. वही सोबत नेणार आहेत.

तुमच्या गटाच्या वहीत पहिले नाव कोणाचे असेल, ते बैठकीत नक्की विचारा.